आखाती विमान कंपनीचा करार: सही करण्यापूर्वी भारतीय वैमानिकाने काय तपासावे

दुबई, दोहा, अबू धाबी किंवा रियाध येथील विमान कंपनीकडून नोकरीचा देकार आला, की घरात पहिली चर्चा होते ती दरमहा हाती येणाऱ्या रकमेची. ती करमुक्त असते, दिरहम किंवा रियालमध्ये असते आणि रुपयांत रूपांतर केले की डोळ्यांत भरते. मात्र वैमानिकाच्या करारातील ही रक्कम जितकी चटकन समजते, तितके ती फारसे काही सांगत नाही. नोकरी गेली तर काय मिळेल, वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरलो तर कोण किती देईल, कंपनीने वेतन एकतर्फी कापले तर दाद कुठे मागायची, या प्रश्नांची उत्तरे कराराच्या शेवटच्या पानांवर असतात आणि तीच पाने घाईत चाळली जातात. म्हणून माझा आग्रह असा आहे, की करार शेवटाकडून वाचायला घ्यावा. जो भारतात एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ वर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) अथवा कमांडर (विमानाचा प्रमुख वैमानिक) म्हणून उडतो आहे आणि प्रथमच बाहेर जाण्याचा विचार करतो आहे, त्याला डोळ्यांसमोर ठेवून पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

पहिली पायरी: भारतातील बंधने आणि कागदपत्रे

अर्ज करण्यापूर्वीच नोटिशीच्या मुदतीचा हिशेब मांडावा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, २०१७ च्या नियमानुसार कमांडरला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. या नियमाला वैमानिकांच्या संघटनांनी न्यायालयात आव्हान दिले आहे, पण त्या लढ्याच्या भरवशावर कोणीही अचानक नोकरी सोडू नये. २०२३ मध्ये नोटिशीची मुदत पूर्ण न करता गेलेल्या ४३ वैमानिकांविरुद्ध आकासा एअरने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती आणि हे प्रकरण ऐकण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटले होते. परदेशी कंपन्या अनुभवी वैमानिक उचलून नेतात, ही तक्रार भारताने २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढेही मांडली. या बाबतीत सरकार आणि कंपन्या अधिक कडक होण्याचीच शक्यता मोठी आहे. त्यामुळे रुजू होण्याची तारीख ठरवताना नव्या कंपनीला नोटिशीची खरी मुदत स्पष्टपणे सांगावी. बहुतेक मोठ्या कंपन्या थांबायला तयार असतात, आणि ज्या तयार नसतात त्यांच्या घाईचे कारण विचारून घ्यावे.

कागदपत्रांचे काम वेळखाऊ असते, म्हणून ते नोटिशीच्या काळातच उरकावे. परदेशी नियामक आपला परवाना स्वीकारण्यापूर्वी डीजीसीएकडून त्याची सत्यता पडताळून घेतो. २०२० मध्ये पाकिस्तानात २६२ वैमानिकांच्या परवान्यांविषयी संशय व्यक्त झाल्यावर अनेक देशांतील पाकिस्तानी वैमानिकांना पडताळणी होईपर्यंत जमिनीवर बसावे लागले होते, आणि त्यात परवाना अस्सल असलेलेही भरडले गेले. लॉगबुकातील नोंदी, कंपनीने प्रमाणित केलेले उड्डाणतास आणि डीजीसीएच्या ई-जीसीए या ऑनलाइन पोर्टलवरील आकडे एकमेकांशी जुळतात ना, हे आधीच पाहावे, कारण मुलाखतीत तफावत निघाली तर खुलाशाला फारसा वाव मिळत नाही. इंग्रजी भाषाप्रावीण्याची पातळी ४ असेल तर तिची मुदत तीन वर्षांची आणि ५ असेल तर सहा वर्षांची असते. पातळी ६ ला पुनर्परीक्षा लागत नाही.

पदवी आणि विवाहाच्या प्रमाणपत्रांबाबत एक बारकावा लक्षात ठेवावा. संयुक्त अरब अमिराती आणि कतार हे देश हेग अपॉस्टिल करारात, म्हणजे एकाच शिक्क्यावर परदेशी कागदपत्रे मान्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात, नाहीत, त्यामुळे तेथे केवळ अपॉस्टिलचा शिक्का चालत नाही. प्रथम राज्य शासनाचे प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी त्या देशाचा दूतावास अशी साखळी पूर्ण करावी लागते. ओमान, बहारीन आणि आता सौदी अरेबिया यांना अपॉस्टिल चालते. पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयातून मिळते. नोकरी लावून देतो म्हणून वैमानिकाकडूनच पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला मात्र दारातूनच परत पाठवावे.

दुसरी पायरी: पगाराचे तुकडे वेगळे करणे

आखाती कंपनीचा मासिक आकडा हा मूळ वेतन, उड्डाणभत्ता, घरभाडे, वाहनभत्ता आणि कधी शिक्षणभत्ता यांची बेरीज असतो. यांपैकी प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे आणि तो वेगळा करून पाहिल्याशिवाय दोन देकारांची तुलना होऊच शकत नाही.

मूळ वेतनाला सर्वाधिक महत्त्व द्यावे, कारण सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी त्याच्यावरच मोजली जाते. २०२२ पासून लागू असलेल्या अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि त्यापुढील प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचे मूळ वेतन मिळते, आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या वेतनापेक्षा जास्त होऊ शकत नाही. समजा, दोन कंपन्या महिन्याला ४५,००० दिरहमच देत आहेत, पण पहिलीत मूळ वेतन ३०,००० आहे आणि दुसरीत २०,०००. आठ वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पहिल्या कंपनीतून १,९५,००० दिरहम मिळतील आणि दुसरीतून १,३०,०००. दरमहा खात्यात जमा होणारी रक्कम सारखीच असूनही ६५,००० दिरहमचा फरक पडतो. काही कंपन्या ग्रॅच्युइटीऐवजी भविष्य निर्वाह निधी देतात. तेथे कंपनीचा वाटा किती वर्षांनी पूर्णपणे आपला होतो, हे विचारावे. सरकारी मालकीच्या कंपन्यांना स्वतंत्र नियम लागू असू शकतात, म्हणून कराराला कोणता कायदा लागू आहे ते कलम आधी शोधावे.

उड्डाणभत्ता हा सर्वांत निसरडा भाग आहे. तो कोणत्या तासापासून सुरू होतो, ब्लॉक अवर्सवर (विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतच्या प्रत्यक्ष वेळेवर) मोजला जातो की नियोजित वेळेवर, लांबच्या उड्डाणात बंकमध्ये घेतलेल्या विश्रांतीचे तास पूर्ण धरले जातात की अंशतः, सिम्युलेटर, स्टँडबाय आणि प्रवासी म्हणून दुसऱ्या विमानतळावर जाण्याचे तास त्यात येतात की नाही, हे सर्व लेखी मागावे. मग एकूण रकमेला महिन्याच्या अपेक्षित उड्डाणतासांनी भागावे. ४५,००० दिरहमसाठी ९० तास उडावे लागत असतील तर तासाला ५०० दिरहम पडतात, आणि ४०,००० साठी ७० तास असतील तर सुमारे ५७१. कमी पगाराची वाटणारी नोकरी अनेकदा प्रत्यक्षात तासामागे अधिक पैसे देणारी निघते, आणि हे साधे गणित मांडल्यावाचून ते लक्षात येत नाही. लेओव्हरचा, म्हणजे दोन उड्डाणांच्या मध्ये परगावी कराव्या लागणाऱ्या मुक्कामाचा, भत्ता मात्र उत्पन्नात धरू नये. तो जेवणाखाण्यासाठी असतो आणि महागड्या शहरात तिथल्या तिथेच संपतो.

घराच्या बाबतीत कंपनीचे निवासस्थान घ्यावे की भत्ता, हा निर्णय पहिल्या वर्षी तरी निवासस्थानाच्या बाजूने घ्यावा, असे मी सुचवेन. दुबईत भाडे वर्षाचे ठरते आणि ते काही मोजक्या धनादेशांत आगाऊ द्यावे लागते. गेल्या काही वर्षांत तेथील भाडी झपाट्याने चढली आहेत, पण करारातील भत्ता त्या वेगाने वाढत नाही.

चलनाची बाजू जमेची आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, कतारी रियाल ३.६४ ने आणि सौदी रियाल ३.७५ ने. म्हणजे पगार व्यवहारतः डॉलरमध्येच होतो, आणि रुपया घसरला की घरी पाठवलेल्या पैशाचे मोल वाढते. अर्थात हा लाभ फक्त वाचवलेल्या रकमेला मिळतो. जो पगार तेथेच खर्च होतो, त्याला रुपयाच्या घसरणीने काही फरक पडत नाही.

तिसरी पायरी: रोस्टर (ड्यूटीचे वेळापत्रक) वाचायला शिकणे

युरोपीय नियमांत २८ दिवसांत १०० आणि कॅलेंडर वर्षात ९०० उड्डाणतासांची मर्यादा आहे. भारतात २८ दिवसांची मर्यादा तीच असून वर्षाची १,००० तासांची आहे. या मर्यादा कायद्याच्या आहेत, आरोग्याच्या नव्हेत, आणि जी कंपनी रोस्टर आखताना मर्यादेलाच लक्ष्य मानते तेथे वैमानिक काही महिन्यांतच थकतो. वर्षाला ९०० तास म्हणजे महिन्याला सरासरी ७५, पण रजेचा महिना वजा केला की उरलेल्या अकरा महिन्यांत ते सुमारे ८२ होतात. डीजीसीएच्या सुधारित नियमांनी जुलै २०२५ पासून साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली. आखातात जाणाऱ्याने आपल्या नव्या कंपनीत हीच सवलत गृहीत धरू नये, तर तिथल्या नियामकाचे नियम आणि कंपनीचे मॅन्युअल यांतील विश्रांतीची कलमे शब्दशः वाचावीत.

आखातातील मोठी विमानतळकेंद्रे युरोप आणि आशिया यांच्यातील जोडप्रवासावर चालतात, त्यामुळे विमानांची मोठी लाट रात्री उतरते आणि रात्रीच निघते. भारतीय उपखंडाची अनेक उड्डाणे याच लाटेत येतात. दुबई ते मुंबई एका बाजूने सुमारे तीन तास लागतात. रात्री दहाला निघून मुंबईत उतरायचे, तासाभरात परत फिरायचे आणि पहाटे घरी पोहोचायचे, अशी ड्यूटी कागदावर छोटी दिसते, पण शरीरासाठी ती युरोपच्या एका लेओव्हरपेक्षा जड असते. त्यामुळे ‘महिन्याला किती तास’ एवढेच न विचारता ‘किती रात्री’ हेही विचारावे. हे कंपनीच्या मुलाखतीत समजत नाही. ज्या ताफ्यात आपण जाणार आहोत त्याच ताफ्यातील दोन-तीन वैमानिकांकडून मागील तीन महिन्यांची रोस्टर पाहायला मागावीत, त्यांत उन्हाळ्याचा किंवा डिसेंबरचा महिना असावा. वार्षिक रजा कॅलेंडर दिवसांत मोजली जाते की कामाच्या दिवसांत, सलग मिळते का, आणि गर्दीच्या काळातील रजा ज्येष्ठतेवर मिळते की सोडतीने, हेही त्यांच्याकडूनच कळते.

ज्येष्ठतेविषयी स्वतंत्र विचार करावा. कंपनी बदलली की ज्येष्ठतेच्या यादीत आपण तळाशी जातो, भारतात कितीही वर्षे काढली असली तरी. फर्स्ट ऑफिसर म्हणून जाणाऱ्याला भारतात तीन-चार वर्षांत कमांड मिळण्याची शक्यता असेल, तर आखातात डाव्या, म्हणजे कमांडरच्या, आसनावर बसायला किती काळ लागेल याची तुलना पगाराच्या फरकाशी करायलाच हवी. माझ्या दृष्टीने ही तुलना न करता घेतलेला निर्णय अपुरा आहे.

चौथी पायरी: बाहेर पडण्याची कलमे

इथे सर्वाधिक वेळ द्यावा. परदेशी वैमानिकांच्या इतिहासातील दोन घटना या पायरीचे महत्त्व पुरेसे सांगतात. जुलै २००१ मध्ये हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने वैमानिकांचे आंदोलन सुरू असताना एकाच दिवशी ४९ वैमानिकांना काढून टाकले, आणि त्यांना अंतिम अपील न्यायालयाचा कौल मिळायला २०१२ उजाडले. हाँगकाँगमध्ये निदान संघटना होती आणि स्वतंत्र न्यायालये होती. अमिरातीत कामगार संघटनांना कायदेशीर स्थान नाही. दुसरी घटना २०२० ची. महामारीत एमिरेट्सने मूळ वेतनात २५ ते ५० टक्के कपात केली आणि शेकडो वैमानिक कमी केले. कतार एअरवेजनेही परदेशी वैमानिकांचे वेतन कापले. त्याच वर्षी कॅथे पॅसिफिकने उरलेल्या वैमानिकांपुढे कमी वेतनाचा नवा करार ठेवला आणि कॅथे ड्रॅगन ही आपली उपकंपनी बंद केली. चीनमध्ये मध्यस्थ संस्थांमार्फत भरघोस पगारावर गेलेल्या परदेशी कमांडरांना बिनपगारी रजेवर घरी बसावे लागले. या कंपन्या वाईट आहेत, असा याचा अर्थ नाही. संकटात परदेशी वैमानिकाची नोकरी आधी धोक्यात येते आणि त्या वेळी त्याच्या हाती करारातील कलमांखेरीज फारसे काही नसते, हे यातून स्पष्ट होते. मायदेशातही संकटे आली, किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, पण तेव्हा वैमानिकाला राहते घर आणि देश सोडावा लागला नव्हता.

म्हणून पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय सही करू नये. दोन्ही बाजूंसाठी नोटिशीची मुदत सारखी आहे का? वेतन किंवा भत्ते कंपनी ‘धोरणानुसार’ बदलू शकते असे वाक्य कुठे आहे का, असल्यास मूळ वेतनाला त्यातून वगळले आहे का? टाइप रेटिंगच्या (विशिष्ट विमानप्रकार उडवण्याच्या प्रशिक्षणाच्या) खर्चाचा बॉण्ड, म्हणजे मुदतीआधी सोडल्यास खर्च परत करण्याची हमी, किती वर्षांचा आहे, तो महिन्यागणिक कमी होत जातो की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहतो, आणि कंपनीनेच नोकरीवरून काढले किंवा वैद्यकीय कारणाने उडणे बंद झाले तरी तो वसूल होतो का? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत निकडीचा वाटतो, कारण कमी केलेल्या वैमानिकाकडून प्रशिक्षणाचा खर्चही वसूल होणे ही दुहेरी शिक्षा आहे. प्रतिस्पर्धी कंपनीत न जाण्याचे कलम अमिरातीच्या कायद्यानुसार दोन वर्षांपेक्षा अधिक असू शकत नाही. परिवीक्षेचा काळ सहा महिन्यांपर्यंतचाच असतो.

वैद्यकीय अपात्रतेसाठी कंपनीचा विमा किती रकमेचा आहे, तो तात्पुरत्या अपात्रतेतही लागू होतो का, आणि वयाच्या कितव्या वर्षी संपतो, हे पाहून त्यावर स्वतःचा परवाना-हानी विमा (वैद्यकीय कारणाने उडणे बंद झाल्यास भरपाई देणारा) घ्यावा. हा विमा चाळिशीच्या आत आणि प्रकृती ठणठणीत असताना घेतला तरच परवडतो.

कर्जाबाबत सावध राहावे. आखातातील बँका वैमानिकाला मोटार आणि घरासाठी सहज कर्ज देतात. नोकरी सुटल्यावर शेवटचा हिशेब खात्यात जमा झाला की थकीत कर्ज असलेले खाते बँक गोठवू शकते आणि थकबाकीच्या दाव्यातून देश सोडण्यावर बंदीही येऊ शकते. व्हिसा नोकरीशी बांधलेला असल्याने ती सुटल्यावर कुटुंबासह राहण्याची मुदत मर्यादित असते. सहा महिन्यांचा घरखर्च भागेल इतकी रक्कम भारतातील खात्यात बाजूला ठेवल्यावरच पहिले कर्ज घ्यावे.

पाचवी पायरी: भारतातील आयकर

‘आखातात कर नाही’ हे खरे असले तरी भारताचा आयकर आपोआप सुटत नाही. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला, तरच तो त्या वर्षी अनिवासी ठरतो. १ एप्रिलपासून मोजले तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास निघालेला वैमानिक ही अट सांभाळू शकतो, मात्र मार्चपर्यंत त्याच्या भारतातील पुढच्या फेऱ्याही त्यात मिळवाव्या लागतात. जो नोव्हेंबरमध्ये निघतो, तो त्या वर्षी निवासी ठरतो आणि डिसेंबर ते मार्चच्या परदेशी पगारावर त्याला भारतात कर लागू शकतो. नोटिशीची मुदत लांब असल्याने निघण्याची तारीख जुळवायला वाव असतो. त्याचा उपयोग करून घ्यावा.

पुढील वर्षांत दिवस मोजण्याचे काम वैमानिकासाठी इतरांपेक्षा नाजूक असते. मुंबई किंवा दिल्लीत लेओव्हर मिळाला तर तो दिवसही भारतातील वास्तव्यात मोजला जाऊ शकतो, आणि विमानकर्मी म्हणून आलेल्याच्या पासपोर्टवर नेहमीप्रमाणे शिक्के असतीलच असे नाही. म्हणून प्रत्येक महिन्याचे प्रत्यक्ष उडालेले रोस्टर जपून ठेवावे. ज्यांचे भारतातील उत्पन्न, उदाहरणार्थ भाडे आणि व्याज मिळून, १५ लाख रुपयांपेक्षा अधिक आहे, त्यांच्यासाठी १८२ ऐवजी १२० दिवसांची मर्यादा लागू होऊ शकते. तसेच अन्य कोणत्याही देशात करदाता नसलेल्या अशा नागरिकाला २०२० च्या तरतुदीने ‘मानीव निवासी’ धरले जाते. तो ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला’ या करवर्गात मोडतो, त्यामुळे परदेशातील पगारावर सहसा कर लागत नाही, पण विवरणपत्र काळजीपूर्वक भरावे लागते. अनिवासी झाल्यावर भारतातील साधे बचत खाते एनआरओ मध्ये (अनिवासींच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या खात्यात) बदलून घ्यावे आणि परदेशी कमाईसाठी एनआरई हे अनिवासींचे खाते उघडावे. एनआरई वरील व्याज भारतात करमुक्त आहे. या पायरीवर अनिवासींचे काम करणाऱ्या सनदी लेखापालाची फी वाचवू नये.

सहावी पायरी: कुटुंब

शिक्षणभत्त्याला मुलांच्या संख्येची आणि रकमेची मर्यादा असते. दुबईतील ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या अनेक शाळांची फी तो भत्ता ओलांडते, तर सीबीएसईच्या शाळा तुलनेने स्वस्त असतात आणि परतल्यावर महाराष्ट्रात प्रवेशही सोपा जातो. जोडीदाराच्या नोकरीची शक्यता निघण्यापूर्वीच तपासावी. वैमानिकाच्या मृत्यूनंतर तेथील बँक खाती वारसाहक्क ठरेपर्यंत गोठू शकतात, त्यामुळे रुजू झाल्यावर पहिल्याच वर्षात बिगर-मुस्लिमांसाठी उपलब्ध असलेल्या व्यवस्थेत, उदाहरणार्थ दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रातील नोंदणी कार्यालयात, मृत्युपत्र नोंदवावे आणि जोडीदाराच्या नावावर स्वतंत्र खाते ठेवावे.

सातवी पायरी: परतीचा मार्ग जिवंत ठेवणे

परदेशी परवाना मिळाला की भारतीय परवान्याकडे दुर्लक्ष होते. २०२३ च्या दुरुस्तीने भारतीय व्यावसायिक आणि वाहतूक वैमानिक परवान्याची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षे झाली आहे, पण रेटिंग, रेडिओ परवाना आणि डीजीसीएचे प्रथम श्रेणी वैद्यकीय प्रमाणपत्र यांची मुदत स्वतंत्र असते. रजेवर मुंबईत आल्यावर वैद्यकीय तपासणी वेळेत करून घेतली, तर परत येताना महिनोन्‌महिने उड्डाणाविना जात नाहीत. उड्डाणतासांचे प्रमाणपत्र नोकरी संपल्यावर मागण्याऐवजी दरवर्षी नव्याने, शिक्क्यासह घ्यावे. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणात वैमानिकासाठी ६५ वर्षांची मर्यादा आहे, आणि पंचावन्न-साठीच्या सुमारास ज्यांना भारतात प्रशिक्षक किंवा परीक्षक म्हणून यायचे आहे, त्यांच्याकडे ही कागदपत्रे नसली तर परतीची प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते. जुन्या भारतीय कंपनीकडून सेवामुक्तीचे पत्र, बॉण्ड फेडल्याची पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला निघतानाच घेऊन ठेवावा, कारण भरतीच्या वेळी भारतीय कंपनी तोच प्रथम मागते.